सॅनिटायझरची बाटली उलटी करून वाचा

सॅनिटायझरच्या बाटलीची पुढची बाजू जाहिरातवाले लिहितात, मागची बाजू कायदा लिहायला लावतो. पुढे कोरफडीचं पान, लिंबाची फोड आणि ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ हा ठळक आकडा. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत अल्कोहोल कोणतं, किती, परवाना क्रमांक, बॅच, मुदत. आपण पुढचं बघून बाटली उचलतो आणि पर्समध्ये टाकतो. खरं तर पुढच्या बाजूवरचं सगळं पुसून टाकलं तरी चालेल, कारण बाटलीत काम करणारी वस्तू एकच आहे: अल्कोहोल. कोरफड, कडुलिंब, व्हिटॅमिन ई, सुगंध ही सगळी वरातीतली मंडळी.

मागच्या बाजूवर पहिल्या ओळीत साधारण दोनपैकी एक नाव असतं. इथाइल अल्कोहोल म्हणजे इथेनॉल, किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ज्याला दवाखान्यात आयपीए म्हणतात. इंजेक्शनच्या आधी दंडावर कापूस फिरवतात तेव्हा येणारा उग्र वास बहुतेक वेळा याच दुसऱ्याचा. दोन्ही चालतात. तिसरं नाव मिथाइल अल्कोहोल, म्हणजे मिथेनॉल. ते लेबलवर कधीच लिहिलेलं नसतं आणि बाटलीतही असता कामा नये. त्याच्याकडे पुढे येऊ.

नावापुढे टक्केवारी असते. अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था सीडीसी किमान ६० टक्के अल्कोहोल हवं असं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपाइल ७५ टक्के धरलेलं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या सत्तरच्या आसपास असतात. मग शंभर टक्केच का नाही? जास्त कडक तेवढं चांगलं, हा आपला सरळ हिशोब इथे चुकतो. अल्कोहोल जंतूंना मारतं ते त्यांची प्रथिनं विस्कटून आणि चरबीचं आवरण विरघळवून. अंड्याचा पांढरा भाग उकळत्या पाण्यात कसा आकार सोडून घट्ट होतो, तसं प्रथिनांचं होतं, फक्त उष्णतेऐवजी अल्कोहोलमुळे. पण प्रथिनांची घडी उलगडायला पाणी लागतं. निव्वळ अल्कोहोलमध्ये ते नसतं, शिवाय ते हातावरून क्षणात उडून जातं. २० ते ३० टक्के पाणी असलं की काम जलद होतं आणि हात थोडा जास्त वेळ ओला राहतो. म्हणजे बाटलीतलं पाणी ही कंपनीची काटकसर नाही.

आता टक्क्यांतली खरी गोम. टक्के कशाचे? दुधात पाणी किती हे विचारणारे आपण इथे मात्र गप्प बसतो. लेबलवर आकड्याशेजारी ‘व्ही/व्ही’ किंवा ‘डब्ल्यू/डब्ल्यू’ असं लिहिलेलं असतं. पहिलं आकारमानाचं प्रमाण, दुसरं वजनाचं. अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्याने दोन आकडे जुळत नाहीत. आकारमानाने ७० टक्के इथेनॉल वजनाने मोजलं तर साधारण ६२ टक्के भरतं. त्यामुळे एका बाटलीवर ६२ टक्के डब्ल्यू/डब्ल्यू आणि दुसरीवर ७० टक्के व्ही/व्ही असेल तर दोन्ही जवळपास सारख्याच. दुसरी सरस समजून तिला दहा रुपये जास्त देण्यात अर्थ नाही. आणखी एक ठिकाण बघण्यासारखं: ‘अल्कोहोल ९५ टक्के’ असं लिहून पुढे ७२ टक्के असा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ ९५ टक्के शुद्धतेचं अल्कोहोल ७२ भाग घातलं. ७२ चे ९५ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात ६८ च्या आसपास. कामाला तेही पुरेसं, पण ९५ हा आकडा बघून खूश होऊ नये.

‘९९.९ टक्के जंतू’ हे वाक्य खोटं नसतं, अपुरं असतं. हा प्रयोगशाळेत ठरलेल्या जंतूंवर, ठरलेल्या वेळेत काढलेला आकडा असतो. १० लाख जंतूंपैकी ९९.९ टक्के मेले तरी १,००० उरतात. आणि कोणते मेले, कोणते नाही, हे टक्केवारी सांगत नाही. करोना, फ्लू यांसारख्या विषाणूंना बाहेरून चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने सहज फुटतं. म्हणून त्या काळात जेलचा उपयोग खराच होता. पण नोरोव्हायरस, कावीळ देणारा हेपॅटायटिस ए यांना असं आवरण नाही. ते जेलला फारशी दाद देत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात निजलेली त्याची रूपं, तर अल्कोहोलमध्ये आरामात तग धरतात.

याचा घरगुती अर्थ असा की पावसाळ्यात गावात गॅस्ट्रो किंवा कावीळ पसरली असताना शौचाहून आल्यावर जेल चोळून जेवायला बसणं बरोबर नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच. साबण जंतूंना मारेलच असं नाही, पण हातावरून सोडवतो आणि पाणी त्यांना वाहून नेतं. आवरण असो नसो, मोरीतून खाली जाताना फरक पडत नाही. मातीने माखलेले, तेलकट, पिठाचे हात यांवरही जेल निरुपयोगी, कारण अल्कोहोल त्या थराखाली नीट पोचत नाही. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने तर जेलच्या नादी अजिबात लागू नये. कीटकनाशक हे जंतू नव्हे. जेल त्याला मारत नाही आणि धुऊनही काढत नाही. उलट दादर स्टेशनवर लोकलचा दांडा सोडून पाच मिनिटांत वडापाव हातात घ्यायचा आहे, आसपास नळ नाही, हात दिसायला स्वच्छ आहेत, अशा वेळी जेल अगदी योग्य.

मुळात ही वस्तू रुग्णालयातल्या अशाच एका अडचणीतून पुढे आली. परिचारिकेने प्रत्येक रुग्णामागे बेसिनपर्यंत जाऊन साबणाने हात धुवायचे म्हटलं तर तिची पाळी त्यातच संपेल. जर्मनीत १९६५ मध्ये स्टेरिलियम हे अल्कोहोलचं द्रावण बाजारात आलं, ते रुग्णालयांसाठी. पुढे स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांनी खाटेशेजारीच अल्कोहोलचं द्रावण ठेवण्याची मोहीम चालवली. १९९४ ते १९९७ या काळात तिथे हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात लागण होणाऱ्यांचं प्रमाण १६.९ वरून १९९८ पर्यंत ९.९ टक्क्यांवर आलं. जागतिक आरोग्य संघटनेने नंतर जी कृती जगाला फुकट दिली तिचं मूळ याच वर्तुळात आहे. त्या कृतीत इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरीन १.४५ टक्के आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के. पेरॉक्साइड आपल्या हातासाठी नसतं. बाटलीत किंवा पाण्यात आधीच शिरलेल्या बीजाणूंसाठी ते असतं. म्हणूनच बाटल्या भरल्यावर ७२ तास बाजूला ठेवायच्या, मग वापरायच्या, असा नियम आहे. २०२० मध्ये घराघरांत कोरफडीचा गर आणि मिळेल ते स्पिरिट मिसळून ‘घरचं सॅनिटायझर’ करण्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यात हा विचार कुठेच नव्हता, आणि गर घातल्यावर अल्कोहोल किती उरलं हे मोजायची सोयही नव्हती.

ही कृती पातळ द्रावणाची आहे, जेलची नाही. जेल होण्यासाठी त्यात कार्बोमर नावाचा बहुवारिक पदार्थ अगदी थोडा, बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आत, घालतात. तो फुगतो आणि द्रव धरून ठेवतो. हात चोळताना कधी रबराच्या वळकट्यांसारखं काही निघतं ना, ते मळ नसून हेच. जेलचा फायदा उघड आहे: बोटांच्या फटीतून गळत नाही, बाटली पर्समध्ये सांडली तरी वहीचं वाटोळं होत नाही. तोटा असा की जाडसर थर सगळीकडे सारखा पसरायला वेळ घेतो. २००२ मध्ये युरोपात झालेल्या एका चाचणीत तपासलेल्या १० जेलपैकी एकही ३० सेकंदांत तिथल्या रुग्णालयाच्या निकषाला उतरलं नाही, द्रावणं मात्र उतरली. त्यानंतर जेल सुधारली. तरीही ऑपरेशन थिएटरबाहेर पातळ द्रावणच जास्त दिसतं ते उगाच नाही.

प्रमाण हा आपल्या सगळ्यांचा कच्चा विषय. समारंभात दारात उभा असलेला मुलगा प्रत्येकाच्या हातावर अत्तर लावल्यासारखा एक थेंब टाकायचा आणि आपणही तळवे एकदा घासून आत जायचो. एवढ्याने फार तर वास येतो. तळव्याच्या खळग्यात भरेल एवढं, साधारण ३ मिलि घ्यावं आणि २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळावं. अंगठे आणि बोटांची टोकं सर्वांत जास्त सुटतात, आणि नाकाडोळ्याला तर तीच लागतात. मध्येच हात रुमालाला पुसले तर सगळं फुकट, कारण अल्कोहोलचं काम हात ओला असेतोवरच चालतं. ग्लिसरीन त्वचा कोरडी पडू देत नाही. दिवसभर सारखा साबण लावणाऱ्या परिचारिकांच्या हातांना भेगा पडतात, त्यामानाने ग्लिसरीनवालं जेल सौम्य ठरतं. जेल झोंबतं ते बहुधा हातावर आधीच चिरा असल्याने.

हे अल्कोहोल येतं कुठून? महाराष्ट्रात याचं उत्तर उसाच्या फडात आहे. साखर काढून उरलेली मळी आंबवून कारखान्यांच्या आसवनींत इथेनॉल करतात. पेट्रोलमध्ये मिसळायला, देशी-विदेशी दारूला आणि औषधांना लागणारं इथेनॉल या एकाच कुळातलं. मार्च २०२० मध्ये तुटवडा झाला तेव्हा सरकारने आसवन्यांना सॅनिटायझर करायला परवानगी दिली आणि अनेक सहकारी साखर कारखान्यांच्या नावाच्या बाटल्या दिसू लागल्या. पण दारूचं आणि सॅनिटायझरचं इथेनॉल एकच असल्यामुळे पिणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. ते टाळायला त्यात पिण्यालायक राहू नये असं काही मिसळतात, बहुधा अतिशय कडू द्रव्य. लेबलवर ‘डिनेचर्ड’ असं दिसतं ते हेच.

तरी लोक प्यायलेच. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारूची दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी इथे सॅनिटायझर पिऊन सात जण मेले. त्याआधी २०२० च्या जुलैअखेरीस आंध्र प्रदेशातल्या कुरिचेडू गावात असंच झालं होतं. आणि ३१ जानेवारी २०२१ ला पुन्हा यवतमाळ जिल्ह्यातच, घाटंजी तालुक्यातल्या एका गावी, पाच वर्षांखालच्या १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं, सुदैवाने ती वाचली. या तिसऱ्या घटनेवर तेव्हा हसू आणि संताप दोन्ही झाले, पण दोन लहान बाटल्या शेजारी ठेवल्या की कुणाच्याही घरात हे होऊ शकतं.

साधा हिशोब करा. ७० टक्क्यांच्या ६० मिलि बाटलीत ४२ मिलि शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडे मिळणारी व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. म्हणजे त्या पर्समधल्या बाटलीत जवळपास १०० मिलि व्हिस्कीएवढा माल आहे, आणि वर स्ट्रॉबेरीचा वास. तीन वर्षांच्या पोराच्या शरीराला त्यातला थोडासा भागही जड जातो. गुंगी येते, रक्तातली साखर झपाट्याने उतरते. बोटाला लागलेलं चाटलं म्हणून घाबरायचं कारण नाही. घोट घेतला असेल तर उलटी करवण्याच्या फंदात न पडता बाटलीसकट दवाखाना गाठायचा. बाटली हवी, कारण डॉक्टरांना मागची बाजू वाचायची असते.

आता मिथेनॉल. दिसायला आणि वासाला ते इथेनॉलसारखंच असतं आणि औद्योगिक बाजारात स्वस्त मिळतं, त्यामुळे भेसळ करणाऱ्याला ते सोयीचं. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड करतं. ते ॲसिड डोळ्यांच्या मज्जातंतूला गाठतं. विषारी दारूकांडात वाचलेली माणसं आंधळी होतात ती यामुळेच. फसवणारी गोष्ट अशी की त्रास लगेच होत नाही, कधी कधी दिवसभराने सुरू होतो. मुंबईतल्या कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेने २०२० मध्ये मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या बाजारातून १२२ नमुने घेऊन तपासले, तेव्हा पाचांत मिथेनॉल सापडलं आणि ४५ नमुन्यांत लेबलवर लिहिलेलं आणि आतलं जुळलं नाही. हा रोग आपल्यापुरताच नव्हता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२१ मध्ये मेक्सिकोतून येणारं सगळंच अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर सीमेवर अडवायला सुरुवात केली, मिथेनॉलमुळेच. एका अख्ख्या देशाच्या एका प्रकारच्या औषधावर त्यांनी असं पाऊल पहिल्यांदाच उचललं होतं.

‘औषध’ हा शब्द इथे मुद्दाम. अमेरिकेत हे जेल चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध मानलं जातं. आपल्याकडेही ते औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली येतं आणि बनवायला परवाना लागतो. काही कंपन्या आयुर्वेदिक औषधाचा परवाना घेतात, तोही चालतो. विकायला मात्र २७ जुलै २०२० पासून परवान्याची अट उठली, म्हणून ते किराण्यात, पेट्रोल पंपावर, स्टेशनरीवाल्याकडे मिळू लागलं. बाटलीवर उत्पादन परवान्याचा क्रमांकच नसेल तर ती परत ठेवावी, मग वास कितीही छान असो.

दराची आणि कराची गोष्टही मजेशीर. १३ मार्च २०२० ला केंद्राने सॅनिटायझरला जीवनावश्यक वस्तू ठरवलं आणि आठवड्याभरात २०० मिलि बाटलीला १०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. दोन्हींची मुदत ३० जूनपर्यंत होती. त्याच सुमारास गोव्यातल्या एका डिस्टिलरीने जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे विचारणा केली की आमचं सॅनिटायझर औषध समजून १२ टक्के लावायचे ना, आणि जीवनावश्यक म्हणून माफी नाही का? उत्तर आलं: हे जंतुनाशक आहे, १८ टक्के, आणि जीवनावश्यक असणं वेगळं, करमाफ असणं वेगळं. म्हणजे परवान्यासाठी औषध आणि करासाठी फिनाइलचं भावंड. जून २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने काही महिन्यांसाठी दर ५ टक्क्यांवर आणला, तोवर दुसरी लाट ओसरत आली होती.

परवाना बघून बाटली घेतली तरी एक चोरवाट राहतेच. कचेऱ्यांत, मंगल कार्यालयांत भिंतीवरचे पंप पाच लिटरच्या कॅनमधून भरले जातात. जुनं संपायच्या आत त्यावर नवं ओततात, कधी पुरवावं म्हणून पाणी घालतात. पाणी घातल्यावर टक्के साठच्या खाली कधी जातात ते कळत नाही, कारण वास तसाच राहतो.

आगीचं काय? ८० टक्के इथेनॉलच्या द्रावणाचा ज्वलनांक साधारण साडेसतरा अंश सेल्सिअस. म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते, आणि आपलं स्वयंपाकघर महाबळेश्वरच्या थंडीतलं नसेल तर बहुतेक वर्षभर त्याहून गरमच असतं. जेल चोळून ओल्या हाताने लायटर ओढू नये, निरांजन लावू नये, ओट्यावर सॅनिटायझर फवारून शेगडी पेटवू नये. हात कोरडे झाले की वाफ उडून गेलेली असते आणि धोकाही. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी, दिवसाउजेडी जवळपास न दिसणारी, त्यामुळे पेटलेलं चटका बसल्यावरच कळतं. मात्र ‘नागपूरच्या उन्हात गाडीतली बाटली आपोआप फुटून गाडी पेटते’ हा व्हॉट्सॲपवरचा इशारा अर्धवट आहे. ठिणगीशिवाय इथेनॉल पेटायला साडेतीनशे अंशांहून जास्त तापमान लागतं, तेवढी कुठलीच गाडी तापत नाही. तापलेल्या बाटलीचं झाकण सैल होऊन जेल गळू शकतं, अल्कोहोल उडून जाऊ शकतं, आणि त्याच गाडीत कुणी सिगारेट पेटवली तर मग गोष्ट वेगळी.

मुदत दोन-तीन वर्षांची असते. ती उलटल्यावर जेल नासत नाही, झाकणाच्या फटीतून अल्कोहोल हळूहळू उडतं आणि टक्के उतरतात. २०२१ च्या धास्तीत भरून ठेवलेल्या बाटल्या कपाटात अजून असतील तर त्या हातासाठी वापरू नयेत. नव्या स्टीलच्या डब्यावरचा स्टिकरचा चिकटा त्यांनी छान निघतो, शेगडीपासून लांब बसून काढला तर.